हरलेल्याचा नंबर पहिला

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८

मुलीच्या डच शाळेतून आत्ताच आलो. रेवाच्या वर्गाच्या बाई, युफ मार्लूस, फार गोड बोलतात. गोड बोलता बोलता पुढच्या शाळेसाठी हावो दिलं, मधली रांग. वरची, व्हीडब्ल्यूओ, नाही.

दहा मिनिटं ठरली होती, दहा मिनिटांत आटोपलं. लॅपटॉप आम्हा नवराबायकोकडे वळवून आलेख दाखवले, ती सहा वर्षांची होती तेव्हापासूनचे. गणिताची रेघ वर चाललेली, वाचनाची खाली रेंगाळलेली. मग एक शब्द वापरला, द्रोमेरिख. स्वप्नाळू. तक्रारीच्या सुरात नाही. खिडकीबाहेर बघत बसते, उत्तर बरोबर काढते, पण तोवर वेळ संपलेली असते.

मी तीनदा "पण" म्हणालो.  बाहेर सायकलचं कुलूप काढताना अनघा म्हणाली, हावो काही वाईट नाही. वाईट कोण म्हणतंय. पण बारा पूर्ण व्हायच्या आत मुलीची रांग ठरवून टाकायची?

एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा आहे. तिच्यात जास्त मार्क पडले तर शाळेला फेरविचाराला बसावं लागतं. नुसतं बसावं लागतं.


बुधवार, ७ फेब्रुवारी

आईचा फोन, पुण्याहून. तिला समजावलं. व्हीडब्ल्यूओ म्हणजे सहा वर्षं, मग युनिव्हर्सिटी. हावो म्हणजे पाच वर्षं, मग कामधंद्याचं कॉलेज. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सायन्स नाही मिळालं?"

हो आई, साधारण तेच.

शाळेत कोणाची ओळख नाही का, हा पुढचा प्रश्न. इथे ओळख चालत नाही म्हटलं तर म्हणाली, चालत नाही असं कधी नसतं, काढावी लागते.

ऑफिसमध्ये दिवसभर मापं. चिपवरच्या रेषा एकमेकींवर बरोबर बसल्या की नाही ते मोजायचं, तेरा वर्षं हेच काम. आज रेषा जागच्या जागी होत्या. बाकी काही नव्हतं.


रविवार, ११ फेब्रुवारी

कार्निव्हल. सकाळी समोरचे शेजारी सहकुटुंब बेडकाच्या वेशात सायकलवरून गेले. धुकं इतकं की पाच हिरवे बेडूक गल्लीच्या टोकाला विरघळले आणि मी अजून झोपेतच आहे असं वाटलं. बराच वेळ खिडकीशी उभा होतो. चहा गार.

संध्याकाळी मिल्याचा फोन. अमेरिकेत एम.एस.ला आम्ही रूममेट होतो. मी इकडे आलो, तो तिथेच राहिला, त्याच गारठलेल्या गावात, जिथे दोघांनी कोणीतरी दिलेल्या तिकिटांवर पहिली मॅच बघितली आणि त्या टीमला जन्माचे चिकटलो. फुटबॉल. म्हणजे अमेरिकन, लांबट बॉलचा. इथे फुटबॉल म्हटलं की लोक भलतंच बोलायला लागतात.

आपली टीम हरते. पण त्या खेळात एक नियम फार सुंदर आहे. दर एप्रिलला कॉलेजची नवी पोरं निवडायची असतात, तेव्हा गेल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेल्या टीमचा नंबर पहिला. रेवा सहा वर्षांची असताना तिला हे सांगितलं होतं. बराच वेळ विचार करून म्हणाली होती, हा गेम चांगला आहे.

यंदा आपला नंबर बराच वर आहे, म्हणजे काय हरलोय बघा. चौदा वर्षं फेब्रुवारी ते एप्रिल आम्ही दोघं हेच बोलतो, आपण कोणाला घ्यावं. टीमला आम्ही आहोत हेही माहीत नाही. हावोचं मिल्याला सांगितलं नाही.


शनिवार, ३ मार्च

तळं गोठलं. आमचं अख्खं फेल्डहोवन गाव बर्फावर. आजोबा लोक हात पाठीमागे बांधून असे सरकत होते की पाय हलतच नव्हते. रेवा मधेच थांबली, गुडघ्यावर बसली आणि बर्फाच्या आत अडकलेलं एक पान बघत राहिली. बाकीची मुलं तिला वळसा घालून जात होती. मी काठावरून ओरडणार होतो, चल पुढे. नाही ओरडलो, पण ओरडणार होतो.

तिकडे अमेरिकेत याच आठवड्यात पोरांची मापं घेतात. उंची, वजन, पळण्याचा वेळ, हाताची वीत. हो, वीतसुद्धा. मिल्याचा नि माझा लॅपटॉपवरचा तक्ता, एका ओळीत एक खेळाडू, आता एकशे चाळीस ओळींचा झाला. दर शनिवारी रेवा माझ्याशेजारी बसून त्यात रंग भरते. हिरवा म्हणजे घ्या, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे नको. आठ वर्षांची असल्यापासून हे काम तिचं. दर वर्षी एक खेळाडू स्वतःसाठी निवडते, तोही चेहरा बघून. आजवर तिचे दोन चांगले निघाले, माझा एक.

अनघा मागून जाताना म्हणाली, बसलात का स्थळं बघायला.


रविवार, १८ मार्च

पाडवा. बाल्कनीत गुढी. वारा असा की तांब्या घट्ट बांधावा लागला. शेजारच्या आजींनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, हे कशासाठी. रेवाने डचमध्ये समजावलं, मी सांगतो त्याहून बरंच बरं.

मिल्याशी दीड तास. तिढा असा. बॉल फेकणारा हवाय. माझा उमेदवार उंच, सहा फूट पाच इंच, हात मोठे, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला फेकतो. मिल्याचा बुटका. पळायला मंद. मापांत कुठेच बसत नाही. मी विचारलं, त्याच्यात काय बघितलंस ते एका वाक्यात सांग.  मिल्या म्हणाला, "तो बॉल सोडतो तेव्हा तिथे कोणी नसतं. मग कोणीतरी तिथे पोचतं."

हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू?

फोन ठेवल्यावर अनघाला हसत हसत सांगितलं. ती श्रीखंड वाढत होती. म्हणाली, "मला बघायला आला होतास तेव्हा तू माझे बारावीचे मार्क विचारले होतेस. फिजिक्सचे वेगळे." मला आठवत नाही. विचारले असणार.


रविवार, १ एप्रिल

ईस्टर. झोप भरपूर. पहाटे स्वप्न: तळ्यावरच्या बर्फावर मैदान आखलंय, आपली टीम उभी आहे, सगळे खेळाडू हात पाठीमागे बांधून. कोणाला घाई नाही. मी मोजपट्टी शोधतोय आणि ती सापडत नाही. उठलो तेव्हा बरं वाटत होतं. का, ते कळलं नाही.


गुरुवार, १२ एप्रिल

परीक्षा मंगळवारपासून. त्यानंतर युफ मार्लूसकडे पुन्हा वेळ मागितली आहे. या वेळी नुसतं "पण पण" करून चालणार नाही, मुद्दे हवेत.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात बसलो. मला विचार करायचा तर रकाने लागतात. तक्ता उघडाच होता. खाली एकशे एक्केचाळिसावी ओळ टाकली. नाव: रेवा. जमेच्या बाजू: गणित, चित्र, चिकाटी. उणिवा: हळू. वाचन. जिंकायची भूक नाही. कितव्या फेरीत घ्यावी: दुसऱ्या.

प्रामाणिकपणे लिहिलं. मोजताना आपलं-परकं करायचं नाही, हे मीच ऑफिसातल्या नव्या पोरांना शिकवतो. लिहून झाल्यावर डोकं हलकं झालं. घरी येताना कालव्याच्या कडेने आलो, झाडांवर पहिली पोपटी पालवी, सायकल आपोआप चालली होती. मनात उंच खेळाडू बॉल फेकत होता आणि बॉल खाली येतच नव्हता.


शनिवार, १४ एप्रिल

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी मी ओट्याशी पोह्यांचा कांदा चिरत होतो. रेवा टेबलाशी लॅपटॉप घेऊन रंग भरत बसलेली. मी त्या ओळीबद्दल विसरलो होतो. शपथेवर सांगतो, पूर्ण विसरलो होतो. तक्ता इंग्रजीत, मिल्यालाही दिसतो म्हणून. इंग्रजी तिला माझ्याहून चांगलं येतं.

ती आमच्याशी डचमध्ये बोलते, फार तर इंग्रजीत. मराठी कळतं सगळं, पण तोंडातून येत नाही. आज आलं.

"बाबा, एकशे एक्केचाळीसला कुठला रंग देऊ?"

आवाजात काही नव्हतं. रडणं नाही, राग नाही. खरंच विचारत होती. वरच्या एकशे चाळीस ओळी रंगवून झाल्या होत्या. माझ्या हातात सुरी. मी काहीतरी म्हणालो, ते बाबांचं ऑफिसचं, ते चुकून, ते बाईंसाठी. ती थांबली, माझं होईपर्यंत ऐकलं, लॅपटॉप मिटला आणि वर खोलीत गेली.

तिला पोहे आवडतात. खाली आली नाही.


रविवार, १५ एप्रिल

ओळ काढली. काढताना दिसलं, मिल्याने शुक्रवारीच बाजूला शेरा टाकला होता. "ही ओळ आधी काढ. मग बोलू." मी बघितलाच नव्हता. तक्त्यातल्या शेऱ्यांत मिल्या नेहमी फालतू विनोद करतो, म्हणून मी उघडत नाही.

दार वाजवून आत गेलो. माफी मागितली. मराठीत, मग इंग्रजीत, मग माझ्या मोडक्या डचमध्ये. तिन्ही भाषांत तेवढीच अपुरी. ती चित्र काढत होती, मान वर न करता म्हणाली, ओके. ते ओके मला कुठे ठेवावं कळेना.

अनघा माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, परीक्षा मंगळवारी आहे, हे तरी बघायचंस.

मला लाज वाटते आहे. सहावीत माझ्या प्रगतिपुस्तकात "वर्गात लक्ष नसते" असं लाल शाईत लिहिलं होतं. बाबांनी सही केली आणि काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी मला सायकलवर डबलसीट घेऊन पर्वतीपर्यंत गेले आणि आम्ही तसेच परत आलो. हे आज आठवलं. इतकी वर्षं कुठे होतं?


गुरुवार, १९ एप्रिल

तीन दिवसांची परीक्षा संपली. कशी गेली? "वेट इक नीत." माहीत नाही. मी पुढे विचारलं नाही.

मिल्याचा फोन घेतला. उंच की बुटका, दोघांनीही काढलं नाही. हवामानाबद्दल बोललो. तिथे अजून बर्फ आहे म्हणे.


शुक्रवार, २७ एप्रिल

इथल्या राजाचा वाढदिवस. गाव राजघराण्याच्या नारिंगी रंगात. मुलं पहाटेपासून चौकात चादरी अंथरून जुनी खेळणी, पुस्तकं, छोटे झालेले बूट मांडून बसलेली. रेवाने यंदा खेळणी नेली नाहीत. जाड कागद, पेन्सिली आणि एक पाटी. तुमची सायकल काढून मिळेल.

मी थर्मास भरत असताना फोन बघितला. निवड काल रात्री झाली, तिकडची रात्र. मिल्याचा निरोप: नंबर देऊन टाकला.

म्हणजे आपल्या टीमने आपला वरचा नंबर दुसऱ्या टीमला दिला, बदल्यात त्यांचा खालचा एक आणि पुढच्या वर्षीचा एक घेतला. त्या खालच्या नंबरावर ज्याला घेतलं त्याचं नाव आमच्या एकशे चाळीस ओळींत नाही. उंच एका टीमला गेला, बुटका दुसऱ्या.  मी ओट्याला टेकून एकटाच हसलो.

चौकात गेलो. रेवासमोर एक टकला, दांडगा माणूस मुलांच्या तीनपायी स्टुलावर बसून होता. शेजारी त्याची गंजकी सायकल. रेवा काढत नव्हती, बघत होती. चेन बघितली, वाकडा मडगार्ड बघितला, सीटवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी बघितली. मागे चार जण रांगेत. मला वाटलं, लोक निघून जातील. कोणी गेलं नाही. माणूस डोळे मिटून उन्हात बसून राहिला. मग तिने पेन्सिल टेकवली आणि पिशवीपासून सुरुवात केली.

चित्र हातात घेऊन त्याने पिशवीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, ही पिशवी माझ्या बायकोने बांधलेली आहे. एवढंच. कागद गुंडाळला नाही, हातात सपाट धरून सायकल ढकलत चालत गेला.

मी चहा ओतून दिला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिने विचारलं, आपण कोणाला घेतलं. मी सगळं सांगितलं. असं देता येतं, नंबर? येतं. मग बदल्यात काहीतरी मिळायला पाहिजे ना? मिळायलाच पाहिजे, फुकट कोणी देत नाही. ती मान हलवत पुढच्या सायकलीकडे बघायला लागली. मी तिथेच चादरीच्या कोपऱ्यावर बसून राहिलो, ऊन उतरेपर्यंत.


रविवार, ६ मे

तक्ता पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवायला उघडला. एकशे एक्केचाळिसावी ओळ मी पुसली होती, रिकामी होती. आता जांभळी आहे. आमच्या खुणांत जांभळा नाहीच.

मिल्याला विचारलं, तू केलंस? नाही म्हणाला. रेवाला विचारलं नाही. असू दे.

ट्यूलिपच्या पाकळ्या गळायला लागल्या. आई फोनवर विचारते, लागला का निकाल. तिला दहावीचा निकाल वाटतो.


मंगळवार, १५ मे

लागला. हावोच्या वर, व्हीडब्ल्यूओच्या काठावर. ना इकडे ना तिकडे. शाळा फेरविचाराला बसणार, शुक्रवारी सव्वाआठला. युफ मार्लूसने मेलमध्ये लिहिलंय, रेवालाही घेऊन या, तिचं म्हणणं ऐकायचं आहे.

अनघा म्हणते, तिला विचारू. मी म्हणालो, अर्थातच. मग रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या डोक्यात व्हीडब्ल्यूओच्या बाजूने सात मुद्दे तयार झाले. आपोआप होतात, मी काय करू. कागदावर मात्र उतरवले नाहीत.


गुरुवार, १७ मे

ऑफिसमधून लवकर आलो. रेवा मागच्या अंगणात, गवतात उताणी पडून ढग बघत. मीही शेजारी पडलो. शर्ट ओला झाला.  एक विमान आइंडहोवनच्या धावपट्टीकडे इतकं हळू उतरत होतं की ते तिथेच टांगून ठेवलंय असं वाटावं. वर्षभरात मला इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं, आणि उद्याची भीतीही तितकीच होती, दोन्ही एकदम.

मग तिने विचारलं, उद्या आधी कोण निवडणार. शाळा की आपण?

मी म्हणालो, नियमाप्रमाणे जो सगळ्यात जास्त हरला त्याचा नंबर पहिला.

ती विचार करत राहिली. पूर्वी अशा वेळी मी मधे बोलायचो. विमान उतरून दिसेनासं झालं. मग मराठीत म्हणाली, "मग तुझा."

मी हसलो. मग हसू आवरलं, कारण ती हसत नव्हती. तिचं बरोबर होतं.

मी म्हणालो, माझा नंबर मी तुला दिला. सातही मुद्द्यांसकट. उद्या तू बोल. मी फक्त शेजारी बसेन.

"बदल्यात?"

तू सांग, म्हणालो. तिने पुन्हा ढगांकडे बघितलं. अजून ठरवलेलं नाही म्हणाली, नंतर मागेन. हावो की व्हीडब्ल्यूओ, तेही तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं, चारदा तरी.

अनघाने आतून हाक मारली, पोळ्या गार होतायत. रेवाच्या पाठीला गवत चिकटलं होतं, ते झटकलं.

उद्या सव्वाआठ. तिघंही सायकलने जाणार. ती पुढे राहील, आणि ती जितकी हळू चालवेल तितकी हळू मी मागून चालवणार आहे.